डॅनियल बॅरिंजर : एका विवरासाठी वेचलेले आयुष्य

डॅनियल मोरो बॅरिंजर यांचा जन्म २५ मे १८६० रोजी अमेरिकेतील रॅली या गावी झाला. आधी कायद्याचे शिक्षण, मग भूशास्त्राचा अभ्यास आणि पुढे खाणींचा व्यवसाय. ॲरिझोनातील चांदीच्या खाणीने त्यांना संपन्नता दिली. १९०२ साली त्याच प्रदेशातील एका प्रचंड विवराची वार्ता त्यांच्या कानी आली आणि उर्वरित आयुष्य त्या विवराचेच झाले.

विवर सुमारे १.२ किलोमीटर रुंद. भोवती लोखंडी उल्केचे तुकडे विखुरलेले. तरीही ख्यातनाम भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ते भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने निर्माण झाल्याचा निष्कर्ष काढला होता. (आपल्या लोणारलाही दीर्घकाळ ज्वालामुखीचेच विवर मानले जात होते.) बॅरिंजर यांना हे पटले नाही. उल्का आदळली आहे आणि तिचे लोखंड खालीच आहे, या विश्वासाने त्यांनी १९०३ मध्ये कंपनी स्थापन केली.

विवर साधारण गोल, त्याअर्थी उल्का सरळ वरून पडली असावी, असे अनुमान करून त्यांनी मध्यभागी छिद्रे घेतली. लोखंड लागले नाही. मग चिखलात बंदुकीच्या गोळ्या तिरप्या झाडून पाहिल्या, तर खळगा तरीही गोलच! तेव्हा शोध दक्षिणेकडील उचललेल्या कडेकडे वळला. पैसा आटत गेला, हट्ट मात्र तसाच राहिला.

१९२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मोल्टन यांनी गणिताने दाखवले, की उल्का अपेक्षेहून फारच लहान होती आणि आघाताच्या प्रचंड उष्णतेत तिचा बहुतांश भाग नष्ट झाला असावा. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला हृदयविकाराने बॅरिंजर यांचे निधन झाले.

उल्काघाताचे त्यांचे मत खरे होते, हे पुढे यूजीन शूमेकर यांनी निर्विवाद सिद्ध केले. आघाताची लाट सर्व दिशांना सारखीच पसरते. म्हणून तिरप्या पतनानेही विवर बहुधा गोल होते. अगदी जमिनीलगत घसरत आलेली उल्काच लांबट विवर कोरते. मात्र हे विवर वरून पाहता चौकोनी भासते. येथील खडकांत आधीपासूनच एकमेकींना छेदणाऱ्या उभ्या भेगा होत्या; त्या दिशांना खडक अधिक दूरवर फाटला आणि तेथे कोपरे उमटले.

विवराची मालकी आजही बॅरिंजर कुटुंबाकडेच आहे.