जोसेफ लायडी

जोसेफ लायडी (९ सप्टेंबर, १८२३ – ३० एप्रिल, १८९१) हे अमेरिकन परजीवीशास्त्रज्ञ, शरीररचनाशास्त्रज्ञ व जीवाश्मतज्ज्ञ होते. कुत्र्यांच्या हृदयात वाढणाऱ्या कृमीचे शास्त्रीय नामकरण त्यांनी १८५६ मध्ये केले.

जीवन

लायडी यांचा जन्म फिलाडेल्फिया येथे झाला. त्यांचे वडील टोप्या तयार करीत. मुलाचा चित्रकलेतील हात पाहून त्याने दुकानांच्या पाट्या रंगवाव्यात, असे वडिलांना वाटे. परंतु लायडी यांनी १८४४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. १८५३ पासून अखेरपर्यंत ते तेथेच शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते.

सूक्ष्मदर्शकाचा उपयोग

१८४६ मध्ये त्यांना डुकराच्या मांसात ट्रिकिनेला कृमी आढळला. एका खून खटल्यात कपड्यांवरील रक्त कोंबडीचे असल्याचा दावा आरोपीने केला होता. कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक असते, माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशींत नसते. डागांतील पेशींत लायडी यांना केंद्रक दिसले नाही. पुढे आरोपीने गुन्हा कबूल केला.

हृदयकृमी व रक्ततपासणी

लायडी यांनी हृदयकृमीला 'फिलेरिया इमिटिस' असे नाव दिले. 'इमिटिस' या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय असा आहे. १९११ पासून तो 'डायरोफिलेरिया' या प्रजातीत गणला जातो. त्याचा प्रसार डासांमार्फत होतो हे १९०० च्या सुमारास, म्हणजे लायडी यांच्या निधनानंतर, सिद्ध झाले.

पूर्ण वाढलेले कृमी फुप्फुसाच्या धमन्यांत व हृदयाच्या उजव्या भागात राहतात. मादीने सोडलेली सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसल्यास निदान होते. मात्र दुसऱ्या, कमी घातक कृमीची पिल्लेही तशीच दिसत असल्याने दोहोंतील फरक ओळखावा लागतो. काही बाधित कुत्र्यांच्या रक्तात पिल्ले आढळतच नाहीत. म्हणून प्रौढ मादीपासून रक्तात येणारे प्रतिजन शोधणारी चाचणीही करतात. संसर्गानंतर साधारण सहा महिने उलटेपर्यंत दोन्ही चाचण्या नकारार्थी येऊ शकतात. त्यामुळे कुत्रा धडधाकट दिसला, तरी तपासणी दरवर्षी करावी लागते.

अन्य कार्य व सन्मान

१८५८ मध्ये त्यांनी हॅड्रोसॉरस या डायनोसॉरचे वर्णन केले. १८८१ पासून मृत्यूपर्यंत ते फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. १८८४ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने त्यांना लायेल पदक दिले.