जयप्रकाश नारायण : डायलिसिसवरची चार वर्षे आणि आपल्या ताटातले अन्न

जयप्रकाश नारायण म्हटले की आणीबाणी आठवते. आयुष्याची शेवटची चार वर्षे ते डायलिसिसवर होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. डायलिसिस सुरू झाले म्हणजे आता सगळे संपले, असे मानणाऱ्या घरांनी ही चार वर्षे जाणून घेण्यासारखी आहेत. या उपचारात रुग्णाने काय खावे, याबद्दलचे काही गैरसमजही सोबत दूर करून घेऊ.

सिताबदियारा ते हजारीबाग

जयप्रकाशजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा या गावी झाला. १९२२ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी फळबागांत, कारखान्यांत आणि हॉटेलांत काम करून शिक्षणाचा खर्च भागवला आणि १९२९ मध्ये ते परतले. १९३२ मध्ये त्यांना नाशिकच्या तुरुंगात ठेवले होते. तेथे अच्युत पटवर्धन, ना. ग. गोरे अशा मराठी सहकाऱ्यांशी त्यांचे सूर जुळले आणि १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला.

नोव्हेंबर १९४२ मध्ये दिवाळीच्या रात्री ते साथीदारांसह हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले आणि पुढे नेपाळच्या तराईत त्यांनी आझाद दस्ता उभारला. त्याच काळात आपल्या नेरळ-माथेरानच्या डोंगरांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता लढत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. १९४३ या वर्षीच युद्धात सापडलेल्या नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र पहिल्यांदा रुग्णासाठी वापरले. पुढे ३२ वर्षांनी अशाच यंत्राने जयप्रकाशजींना आधार दिला.

मूत्रपिंडे निकामी होतात

स्वातंत्र्यानंतर ते भूदान चळवळीत गेले. त्यांना मधुमेह होता. १९७३ मध्ये पत्नी प्रभावतीदेवी कर्करोगाने गेल्या. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थी आंदोलनाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. २६ जून १९७५ च्या पहाटे त्यांना अटक झाली आणि पुढे चंडीगडच्या रुग्णालयात स्थानबद्ध ठेवण्यात आले. प्रकृती ढासळल्यावर १२ नोव्हेंबरला त्यांची सुटका झाली. त्याच महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. तोवर मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि वय होते ७३. डायलिसिस सुरू झाले.

त्या काळी देशात ही सोय मोजक्याच रुग्णालयांत होती. पाटण्याच्या घरी यंत्र बसवता यावे म्हणून लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान मदत निधीतून आलेली रक्कम त्यांनी परत केली. १९७७ च्या निवडणुकीत डायलिसिसचे दिवस सांभाळून त्यांनी सभा घेतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ते उपचारासाठी अमेरिकेत सिॲटलला जाऊन आले. दीर्घकाळ डायलिसिस करणे शक्य करणारी शंट नावाची नळी डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६० मध्ये याच शहरात तयार केली होती.

मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची घोषणा थेट लोकसभेत झाली होती. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

डायलिसिसआधीचे पथ्य आणि नंतरचे पथ्य वेगळे

प्रथिने पचल्यावर युरियासारखे टाकाऊ पदार्थ तयार होतात. १९६० च्या दशकात, डायलिसिस सहज मिळत नसताना, प्रथिने खूप कमी करणे हाच एक मोठा उपाय होता. डायलिसिस सुरू होण्याआधी आजही प्रथिने मर्यादित ठेवतात. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज ०.६ ते ०.८ ग्रॅम.

डायलिसिस सुरू झाले की हिशोब बदलतो. हीमोडायलिसिसच्या एका वेळी रक्तातील सुमारे ६ ते १० ग्रॅम अमिनो आम्ले निघून जातात. पोटातून करायच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात. म्हणून आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीला आधी ३० ते ४० ग्रॅम चालत होती, तिला आता ५० ते ६० ग्रॅम हवीत. उष्मांक किलोमागे २५ ते ३५ लागतात. ते कमी पडले तर शरीर स्वतःचे स्नायू जाळते.

अनेक घरांत डाळ, अंडी, मासे बंद करण्याचा जुना सल्ला डायलिसिसनंतरही पाळला जातो. सगळे प्रेमाने करतात, पण रुग्ण मात्र झिजत जातो. अंगातील पाण्यामुळे काट्यावर वजन तेवढेच दिसते, त्यामुळे झीज लक्षात येत नाही. दंड बारीक होणे, पकड सैल होणे, रक्तातील अल्ब्युमिन घटणे या खुणांकडे लक्ष ठेवा.

५० किलोच्या रुग्णाचा एक दिवस अंदाजे असा बसतो:

- दोन अंड्यांचा पांढरा भाग : ७ ग्रॅम प्रथिने
- १०० ग्रॅम ताजा मासा किंवा चिकन : १८ ते २० ग्रॅम
- वाटीभर शिजलेली डाळ : ६ ग्रॅम
- १५० मिली दूध किंवा दही : ५ ग्रॅम
- दिवसभराचा भात आणि पोळी-भाकरी : १५ ते १८ ग्रॅम

शाकाहारी रुग्णाला मासा आणि अंड्याऐवजी घरचे बिनमिठाचे पनीर (५० ग्रॅममध्ये सुमारे ९ ग्रॅम प्रथिने) आणि आणखी एक वाटी डाळ घेता येते. त्यातून फॉस्फरस आणि पोटॅशियमही वाढते, म्हणून प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

काय जपायचे

*पोटॅशियम :* ते फार वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते. शहाळे, केळी, संत्री, चिकू, सुका मेवा, टोमॅटो, बटाटा, अळू आणि पालेभाज्या यांत ते जास्त असते. दुधी, पडवळ, दोडका, कोबी त्या मानाने बऱ्या. भाजी सोलून, चिरून भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी फेकून द्यावे. रिपोर्ट ठीक असेल तर उन्हाळ्यात मूठभर जांभळे चालू शकतात. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम घातलेले असते, ते वापरू नका.

*स्टारफ्रूट :* कोकणात याला करंबळ किंवा करमर म्हणतात. मूत्रपिंड निकामी असलेल्याला ते विषारी ठरते. न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात आणि मृत्यूही होऊ शकतो. एक फोडही खाऊ नये.

*मीठ आणि पाणी :* दिवसाचे मीठ एक चमच्याहून (५ ग्रॅम) कमी. सुकट, खारवलेले मासे, लोणचे, पापड, फरसाण टाळा. २४ तासांत जेवढी लघवी होते त्यात साधारण ५०० मिली मिळवा. चहा, ताक, आमटी धरून एवढेच द्रव. ५० किलोच्या रुग्णाचे वजन दोन डायलिसिसच्या मध्ये २ किलोपेक्षा जास्त वाढू नये.

*फॉस्फरस :* कोला आणि पाकीटबंद पदार्थ टाळा. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी तिचा उपयोग होत नाही.

मधुमेह असेल तर

जयप्रकाशजींप्रमाणे अनेक रुग्णांना दोन्ही आजार असतात. मूत्रपिंडे बंद पडल्यावर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या. संत्र्याचा रस किंवा शहाळे देऊ नका.

प्रवासाचा दिवस

नेरळहून लोकलने बदलापूर-कल्याणकडे डायलिसिसला जायचे तर येण्याजाण्यासह अख्खा दिवस जातो. यंत्रावरचे चार तास धरून दोन जेवणे सहज चुकतात. आठवड्यात तीन डायलिसिस म्हणजे सहा जेवणे! म्हणून डबा सोबत ठेवा : पोळी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग किंवा पनीर, कोबीची भाजी. यंत्रावर असताना खाल्ल्याने काहींचा रक्तदाब उतरतो, त्यामुळे कधी खायचे ते तेथील डॉक्टरांना विचारा. स्टेशनवरचा वडापाव म्हणजे मीठ आणि बटाटा एकत्र, तो सोडाच.

खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांची चौकशी करा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : माझे कोरडे वजन किती? अल्ब्युमिन, पोटॅशियम आणि फॉस्फरस किती? मला रोज किती ग्रॅम प्रथिने हवीत? उत्तरे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही ती माहीत असायला हवीत.