हेन्री फोर्ड : एक दुरुस्तीवेडा

मोटारींचा कारखानदार म्हणून हेन्री फोर्ड सर्वांना ठाऊक आहे. अर्थशास्त्राच्या तासाला श्रमविभागणीचा विषय निघाला की त्याचे नाव हटकून येते. पण त्याचे चरित्र वाचताना माझे लक्ष कारखान्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने वेधून घेतले. हा मनुष्य जन्मभर काहीतरी उघडत, पुसत आणि पुन्हा जोडत बसला. घरच्या अंगणात जुनी पिकअप गाडी खोलून तिला नवे रूप देत बसणारी जी असंख्य हौशी माणसे आज अमेरिकेत आहेत, त्यांचा मूळ पुरुष म्हणून त्याच्याकडे बोट दाखवावे लागेल.

मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्रशास्त्र मी शिकलेलो नाही आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परंतु बाजारात भाजी नेण्यासाठी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक जुनी पिकअप ठेवली आहे. तिचे पाटे, क्लच, ब्रेक सारे ते घरीच करतात आणि मी बॅटरीचा उजेड धरून उभा असतो. या लेखामागचे माझे भांडवल एवढेच.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, आजच्या डिअरबॉर्न गावाजवळच्या एका शेतावर झाला. वडील विल्यम हे आयर्लंडमधून आलेले शेतकरी. मुलाने शेती सांभाळावी ही त्यांची साधी इच्छा. मुलाचे चित्त मात्र नांगरात नव्हते, घड्याळात होते. छपराचा खिळा घासून त्याने स्क्रू-ड्रायव्हर केला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे तो दुरुस्त करू लागला. १८७६ मध्ये त्याची आई गेली. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्याने घोड्यांवाचून, स्वतःच्या बळावर चालत येणारे वाफेचे इंजिन पाहिले. बारा-तेरा वर्षांचा तो मुलगा वडिलांच्या गाडीतून उडी टाकून त्या इंजिनवाल्याला प्रश्न विचारीत सुटला.

सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइटला गेला आणि एका यंत्रशाळेत उमेदवारी करू लागला. पगार आठवड्याला अडीच डॉलर आणि खाण्याराहण्याचा खर्च साडेतीन डॉलर! उरलेला खड्डा भरण्यासाठी तो रात्री एका जवाहिऱ्याकडे घड्याळे दुरुस्त करी. खोली घेऊन शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे गणित निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे १८८८ मध्ये क्लारा ब्रायंट हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि १८९१ मध्ये तो एडिसनच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत डेट्रॉइटला नोकरीस लागला. १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्याने पहिले इंजिन चालवून पाहिले, तेही स्वयंपाकघरात. सिलिंडर म्हणून गॅसच्या नळीचा तुकडा, चाक जुन्या लेथचे आणि ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज. सणाच्या स्वयंपाकात असलेली क्लारा हातातले काम टाकून थेंब थेंब पेट्रोल ओतीत उभी राहिली. तान्हे मूल दुसऱ्या खोलीत झोपले होते. चरित्रकार या प्रसंगी हेन्रीचे कौतुक करतात. मला क्लाराचे अधिक करावेसे वाटते.

त्यानंतर अडीच वर्षे घरामागच्या विटांच्या छपरीत काम चालले. ४ जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली आणि मग लक्षात आले की छपरीचे दार गाडीहून अरुंद आहे! घर भाड्याचे, तरी हेन्रीने कुऱ्हाड घेतली आणि भिंत फोडून गाडी बाहेर काढली. सायकलची चार चाके, दोन सिलिंडरचे इंजिन, दोन वेग. मागे जाण्याची सोय नाही. ही गाडी त्याने २०० डॉलरला विकली आणि पुढे ६५ डॉलर देऊन परत घेतली. आज ती डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

त्याचे पहिले दोन उद्योग फसले. तिसरा, १६ जून १९०३ रोजी काढलेली फोर्ड मोटर कंपनी, टिकला. १ ऑक्टोबर १९०८ रोजी मॉडेल टी बाजारात आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. या आकड्यापेक्षा मला त्या गाडीचा स्वभाव सांगण्यासारखा वाटतो. ती बिघडे, पण शेतकऱ्याच्या हाताने दुरुस्त होई. पुढे एक आडवा पाटा, मागे एक आडवा पाटा, चार सिलिंडर, वीस अश्वशक्ती. गिअरऐवजी पायाशी तीन पॅडल. त्यांच्या खालचे पट्टे झिजले की पायाखालची फळी काढायची, झाकण उघडायचे आणि घरीच ते आवळायचे. ठिणगी देणाऱ्या चार कॉइल लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसविलेल्या असत; एखादी बंद पडली की उपसून दुसरी बसवायची. हँडल मारताना ठिणगीची वेळ मागे घेतली नाही तर हँडल उलटे फिरून मनगट मोडे. पेट्रोलची टाकी बसण्याच्या जागेखाली आणि पंप मुळीच नाही. त्यामुळे टाकीत थोडे पेट्रोल असताना उभा चढ आला की गाडी उलटी फिरवून मागच्या बाजूने चढवीत. मागचे चाक जॅकवर उचलून, त्याला पट्टा लावून शेतकरी लाकडे कापीत आणि पाणी उपसत.

त्याच शेतकऱ्यांनी पिकअपचाही शोध लावला, असे म्हणण्यास हरकत नाही. दोन आसनी गाडीचा मागचा भाग काढून तेथे ते स्वतः ठोकलेला लाकडी हौदा बसवीत. कंपनीने १९१७ मध्ये एक टन ओझ्याची मॉडेल टीटी काढली, पण ती नुसती चासी. वरचे काम ज्याचे त्याने करावयाचे. अखेर १५ एप्रिल १९२५ रोजी लोखंडी हौदा आणि मागे फाळका बसविलेली मॉडेल टी कारखान्यातूनच मिळू लागली. किंमत २८१ डॉलर. हौदा ५६ इंच लांब, ४० इंच रुंद आणि १३ इंच उंच. अण्णांना हे माप सांगितले तेव्हा त्यांनी त्यात किती क्रेट बसतील याचा हिशेब लगेच केला.

आता कारखान्याविषयी. ७ ऑक्टोबर १९१३ रोजी हायलंड पार्क येथे चासीची सरकती जोडणी सुरू झाली. पूर्वी एक चासी जोडण्यास बारा तासांहून अधिक लागत. काही महिन्यांत ते काम ९३ मिनिटांवर आले. पण माणूस जागचा हलेना. त्याच्यापुढे काम सरकत येई आणि एकाच प्रकारचा बोल्ट दिवसभर आवळावयाचा असे. लोक कंटाळून निघून जात. त्या वर्षी सुमारे १४ हजार जागांवर माणसे टिकवण्यासाठी ५० हजारांवर माणसांची भरती करावी लागली. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने आठ तासांना पाच डॉलर देण्याचे जाहीर केले. हे जवळजवळ दुप्पट होते. मात्र ते मिळण्यासाठी घर स्वच्छ असावे, दारू नसावी, शिल्लक असावी. आणि हे पाहण्यास कंपनीची माणसे घरी येत.

येथे आमच्या घरात मतभेद आहे. अण्णा लग्नापूर्वी सहा वर्षे एका कारखान्यात पट्ट्यावर उभे होते. तो बंद पडला आणि त्यांची देणी पूर्ण मिळाली नाहीत. दुप्पट मजुरी देणाऱ्या मालकाला नावे ठेवू नयेत, असे त्यांचे मत आहे. मला ते पटत नाही. ज्या मुलाला अख्खे घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नव्हती, त्यानेच हजारो माणसांना गाडीचा एकेक बोल्ट तेवढा पाहू दिला. स्वतःचा आनंद त्याने दुसऱ्याच्या वाट्याला का येऊ दिला नाही, याचे उत्तर मला कोणत्याही चरित्रात सापडले नाही. अण्णांना विचारावे, तर तेही सहा वर्षांनंतर शेतीकडेच परतले आणि आता गाडी खोलताना तास मोजत नाहीत.

फोर्डच्या आयुष्यात याहून काळी पानेही आहेत. त्याच्या मालकीच्या डिअरबॉर्न इंडिपेंडंट या साप्ताहिकाने १९२० पासून ज्यू लोकांविरुद्ध विष ओकले. खटला उभा राहिल्यावर १९२७ मध्ये त्याने माफी मागितली. तरीही १९३८ मध्ये हिटलरच्या सरकारचा सन्मान स्वीकारला. ७ मार्च १९३२ रोजी बेकारांचा मोर्चा त्याच्या कारखान्यावर आला तेव्हा पोलीस व कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या गोळीबारात माणसे मेली. कामगार संघटनेशी करार त्याने १९४१ पर्यंत होऊ दिला नाही. त्याच वर्षी सेवाग्रामला असलेल्या गांधीजींनी त्याला पत्र लिहिले आणि पुढे त्यांच्या सहीचा एक चरखा त्याच्याकडे पोहोचला. हा योग मला विलक्षण वाटतो.

उतारवयात त्याने दुरुस्तीचा जुना नाद पुन्हा धरला. १९१९ मध्ये नवा रस्ता जन्मघरावरून जाणार असे कळताच त्याने ते घर उचलून बाजूला नेले आणि आईच्या वेळी होते तसेच करण्याचा हट्ट धरला. जुन्या जागेवर माती उकरून बशांचे तुकडे शोधले, त्यांवरून तशाच बशा करवून घेतल्या. आईची होती तशी शेगडी मिळेपर्यंत गावोगाव शोध चालविला. पुढे ग्रीनफील्ड व्हिलेज येथे त्याने एडिसनची प्रयोगशाळा आणि राइट बंधूंचे सायकलचे दुकानही आणून उभे केले. ज्याच्या गाडीने जुने खेडे मोडले, तोच जुने खेडे जमवीत बसला.

१९४३ मध्ये त्याचा एकुलता मुलगा एडसेल वारला. ७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्डने डिअरबॉर्नच्या घरी प्राण सोडला. रूज नदीला पूर आल्याने घरची वीज बंद पडली होती. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे लावले होते.

जानेवारी १९४८ मध्ये कंपनीने एफ मालिकेच्या पिकअप काढल्या. त्या त्याला दिसल्या नाहीत. आज अंगणात, पडवीत सर्वांत अधिक खोलल्या जातात त्यांत या गाड्या आहेत. गंजलेले बोल्ट तेलात भिजवून ठेवायचे, काढलेला प्रत्येक नट चिठ्ठी लावलेल्या डब्यात टाकायचा, कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडायचा. आणि एकेका गाडीवर पाच-सहा वर्षांचे रविवार घालवायचे. पगार देणारा कोणी नसतो.

— द्वितीय वर्ष, कला