काचेवरचा रॉ

रॉ की जेपेग, हा होस्टेलवरचा वाद निघाला की मला राजा दीनदयाळ आठवतात. माणूस आपल्यातलाच, रुडकीच्या थॉमसन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला! जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी, तिथेच कॅमेऱ्याचा नाद लागला. एवढा, की शेवटी नोकरीच सुटली. पुढे ते सहाव्या निजामाचे, महबूब अली खानांचे दरबारी फोटोग्राफर झाले. आपलं परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणून मला ते जरा जास्तच जवळचे.

त्यांची निगेटिव्ह काचेची. कागदावरची प्रिंट पिवळी पडली तर दुसरी काढता येई. काच फुटली की खेळ खलास. आपला रॉ म्हणजे ती काच. १२ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या ४०९६ पायऱ्या, जेपेगमध्ये एकेका रंगाच्या २५६च. उन्हात पांढरं पडलेलं आकाश रॉमधून बऱ्याचदा थोडंफार परत आणता येतं. फाईल जड होते, हे खरं. नोटीस बोर्डाला जेपेग पुरे. निरोप समारंभाला रॉच ठेवा.

दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्यांच्या २८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. त्यांवरून आजही नव्या प्रिंट निघतात.