काशीचे पराडकर : शाळेवाचून घडलेला एक पत्रकार

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा विषय निघाला की आपल्या ओठांवर बाळशास्त्री जांभेकर, लोकमान्य टिळक आणि आगरकर ही नावे सहजच येतात. ते योग्यच आहे. परंतु स्वदेशापासून दूर, गंगा-गोमतीच्या खोऱ्यात संसार थाटलेल्या आपणा मंडळींना आणखी एका नावाचे विस्मरण होता कामा नये. ते नाव बाबूराव विष्णु पराडकर यांचे. आपल्या गोमती नगराला वळसा घालून जाणारी गोमती पुढे काशीच्या खाली कैथीजवळ गंगेला मिळते. त्याच काशीत एका मराठी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने हिंदी दैनिकाला प्रतिष्ठा, शिस्त आणि भाषा दिली. उत्तर प्रदेशात हिंदी पत्रकार त्यांचे नाव आजही गुरूचे म्हणून घेतात. मराठी घरांतून मात्र ते क्वचितच ऐकू येते.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हाच विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली हल्ली वार्ताहर होण्याची आकांक्षा धरून पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांची चौकशी करीत असतात. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली स्थापन झाली. लखनौ विद्यापीठातही या विषयाचे अध्यापन होते. पुण्या-नागपुरातही त्याची सोय आहे. प्रवेशपरीक्षा, शुल्क, वसतिगृह यांची चर्चा घरोघर चालते. पण पत्रकार घडतो कशाने, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडतो. पराडकरांचे चरित्र या प्रश्नाचे जिवंत उत्तर आहे.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८८३ रोजी काशीत झाला. वडील विष्णुशास्त्री हे संस्कृताचे विद्वान. विद्येच्या ओढीने महाराष्ट्र सोडून काशीस आलेल्या शास्त्री-पंडितांच्या परंपरेतले. बाबूरावांचे इंग्रजी शिक्षण बिहारात भागलपूर येथे झाले. म्हणजे घरात मराठी, वडिलांकडून संस्कृत, शाळेत इंग्रजी आणि रस्त्यावर हिंदी, असा चार भाषांचा सहवास त्यांना बालपणीच लाभला. पुढे बंगालीही त्यांनी आत्मसात केली. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांची भाषांमुळे ओढाताण होते, अशी तक्रार आपण करतो. पराडकरांच्या बाबतीत तीच ओढाताण त्यांचे भांडवल ठरली.

या जडणघडणीत एका नातलगाचा वाटा मोठा होता. नात्याने मामा असलेले सखाराम गणेश देउस्कर हे देवघरजवळ जन्मलेले मराठी गृहस्थ बंगाली भाषेतील नामांकित लेखक आणि पत्रकार होते. परकीय सत्तेने देशाची आर्थिक लूट कशी चालविली आहे हे आकडेवारीनिशी मांडणारा त्यांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये सरकारने तो जप्त केला. पराडकरांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला. मराठी माणसाने बंगालीत लिहावे आणि दुसऱ्या मराठी माणसाने ते हिंदीत आणावे, हा योग आपल्यासारख्या प्रवासी समाजाने अभिमानाने सांगावा असाच आहे. मतांना आकड्यांचा आधार हवा, हा धडा पराडकरांना या अनुवादाच्या कामातूनच मिळाला असला पाहिजे.

१९०६ साली ते कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’ या साप्ताहिकात सहायक संपादक म्हणून रुजू झाले. त्या काळी हिंदुस्थानातील कोणत्याही विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग नव्हता. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात तो सुरू झाला १९४१ साली, तेव्हा पराडकरांच्या वयाला सत्तावन्न वर्षे झाली होती. त्यामुळे छापखाना हीच शाळा आणि संपादकाचे मेज हाच फळा. इंग्रजी तारेचा अनुवाद करणे, खिळे जुळविणाऱ्यांच्या शेजारी उभे राहून मुद्रिते तपासणे, ज्या इंग्रजी शब्दाला हिंदीत प्रतिशब्द नाही त्यासाठी संस्कृताचे भांडार धुंडाळणे, असा तो अभ्यासक्रम होता. दुसऱ्याच वर्षी ते ‘हितवार्ता’ या पत्राकडे आले. याच सुमारास त्यांनी बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी व मराठीचे अध्यापनही केले. या संस्थेचे पहिले प्राचार्य अरविंद घोष होते. पुढे अंबिकाप्रसाद वाजपेयी यांच्या ‘भारतमित्र’मध्ये त्यांनी दैनिकाची धावपळ अनुभवली.

कलकत्त्याचे ते दिवस क्रांतिकारकांचे होते. पराडकरांचा त्या वर्तुळाशी संबंध आला आणि १९१६ साली सरकारने त्यांना पकडले. सुमारे साडेतीन वर्षे त्यांना स्थानबद्धतेत काढावी लागली. १९२० मध्ये सुटका झाली तेव्हा ते जन्मगावी, काशीस परतले. याच वेळी दानशूर देशभक्त शिवप्रसाद गुप्त एका स्वतंत्र बाण्याच्या हिंदी दैनिकाची सिद्धता करीत होते. ५ सप्टेंबर १९२० रोजी ‘आज’चा पहिला अंक निघाला. लोकमान्यांच्या निधनाला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता. आरंभी श्रीप्रकाश यांच्या संपादकत्वाखाली पराडकर साहाय्य करीत होते. लवकरच संपादनाची धुरा त्यांच्या खांद्यावर आली आणि मधली काही वर्षे सोडता अखेरपर्यंत तेथेच राहिली.

‘आज’मध्ये त्यांनी जे केले ते वार्ताहर होऊ इच्छिणाऱ्याने बारकाईने अभ्यासावे. हिंदी गद्य तेव्हा घडत होते. एकच शब्द चार प्रकारे लिहिला जाई. पराडकरांनी लेखनात एकरूपता आणली, वाक्य आटोपशीर केले आणि राज्यकारभार व अर्थकारण यांना लागणारे शब्द रूढ केले. ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’, ‘सर्वश्री’ या शब्दांच्या प्रचाराचे श्रेय हिंदी जगत त्यांनाच देते. आज हे शब्द सरकारी कागदावर नित्य उमटतात. माझ्यासारख्या केंद्र सरकारच्या सेवकाचा त्यांच्यावाचून एक दिवस जात नाही; पण त्यांच्यामागे एका मराठी माणसाची लेखणी आहे हे कितीजणांना ठाऊक असेल?

१९३० च्या सत्याग्रहकाळात वृत्तपत्रांवर वटहुकुमाचा वरवंटा फिरला आणि ‘आज’चे प्रकाशन थांबवावे लागले. तेव्हा ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक काशीत चक्रमुद्रित करून वाटले जाऊ लागले. पोलीस यंत्राचा शोध घेत हिंडत होते आणि अंक निघतच होते. या उद्योगामागे पराडकर होते. बातमी लोकांपर्यंत पोहोचली पाहिजे. कागद कसा आणि छपाई कशी, हा प्रश्न दुय्यम, हे त्यांनी कृतीने दाखविले.

१९२५ साली वृंदावन येथे भरलेल्या हिंदी संपादकांच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या भाषणात त्यांनी भविष्याचे जे चित्र रेखाटले ते वाचून आज मन थक्क होते. वृत्तपत्रे पुढे देखणी होतील, सचित्र होतील, त्यांचा खप आणि भांडवल वाढेल. परंतु ती धनिकांच्या हाती जातील, संपादकाचे स्वातंत्र्य आक्रसेल आणि कृश, दरिद्री पत्रांत जो प्राण होता तो त्यांत उरणार नाही, असा त्या विवेचनाचा आशय होता. शंभर वर्षे उलटली. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील बातम्या यांच्या गदारोळात हे भाकीत कितपत खरे ठरले, याचा निवाडा प्रत्येक वाचकाने आपल्या मनाशी करावा.

१९३८ साली शिमला येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद देऊन हिंदी जगताने या मराठी भाषकाचा गौरव केला. १९४३ ते १९४७ या काळात ‘आज’पासून दूर होऊन त्यांनी ‘संसार’ या दैनिकाची सेवा केली. नंतर ते पुन्हा ‘आज’मध्ये परतले. १२ जानेवारी १९५५ रोजी काशीतच त्यांचे देहावसान झाले. तेथील पराडकर स्मृती भवन त्यांचे नाव जागते ठेवून आहे. काशीयात्रेला जाणाऱ्या मंडळींनी विश्वेश्वराच्या दर्शनानंतर तिकडेही पावले वळवावीत.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. आपला मध्यमवर्ग मुलांसाठी कायमची, निवृत्तिवेतनाची नोकरी शोधत आला. मी त्याच वर्गातला आहे आणि त्या इच्छेत गैर काही मानीत नाही. पराडकरांच्या वाट्याला स्थानबद्धता आली, पत्र बंद पडण्याचे दिवस आले. त्यामुळे मुलाने किंवा मुलीने हा मार्ग निवडला तर आई-वडिलांच्या मनात काळजी उठणे स्वाभाविक आहे. ती काळजी लपवू नये. पण तिच्यासाठी मुलांची वाटही अडवू नये. त्यांना एवढेच सांगावे की पदवी दार उघडते, आत टिकवितो तो व्यासंग. सरकारी कचेरीतून निघालेले प्रसिद्धीपत्रक जसेच्या तसे छापणे म्हणजे वार्ताहरकी नव्हे, हे मी मेजाच्या अलीकडच्या बाजूस बसणारा माणूस म्हणून सांगतो. त्या पत्रकात काय गाळले आहे हे विचारायला जो येतो, त्याचा आम्हाला त्रास होतो आणि आदरही वाटतो.

आणखी एक गोष्ट. हिंदीची सेवा करताना पराडकरांचे मराठीपण उणे झाले नाही. उलट मराठी आणि संस्कृताच्या बळावरच त्यांनी हिंदीला समृद्ध केले. ज्या भूमीचे अन्न आपण खातो तिच्या भाषेत उत्तम लिहावे आणि आपल्या मायबोलीत उत्तम वाचावे, हा मध्यम मार्ग त्यांनी आपल्यासाठी आखून ठेवला आहे. मंडळाच्या वाचनालयात पुढील पन्नास वर्षांत मराठी ग्रंथांच्या शेजारी हिंदी वृत्तपत्रांची फाइलही नेमाने लागावी, आणि ती चाळणाऱ्या मुलांतून एखादा तरी पराडकर निघावा, हीच या मंगल प्रसंगी श्रीगजाननाचरणी प्रार्थना.