श्रीमंत नारायणराव पेशवे

पुण्याच्या शनिवारवाड्याची गोष्ट निघाली की प्राणभयाने चुलत्यास हाक मारीत धावणारा नारायणराव डोळ्यांपुढे उभा राहतो. लोह्याच्या मुलांसही ती हाक ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वी तो अठरा वर्षे जगला, हे क्वचितच कोणी ध्यानी घेतो. म्हणून त्याचे अल्प चरित्र येथे देत आहोत.

नारायणरावाचा जन्म १० ऑगस्ट १७५५ रोजी झाला. नानासाहेब पेशवे व गोपिकाबाई ह्यांचा तो धाकटा पुत्र. त्यास सहावे वर्ष चालू असता, १७६१ साली, वडील बंधू विश्वासराव पानिपतावर पडला व त्याच वर्षी पितृछत्रही हरपले. पुढे थोरल्या माधवरावांनी त्याचा सांभाळ केला. पण नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, आणि सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली. स्वभाव उतावळा, अनुभव थोडा, आणि राज्याभिलाषी चुलता रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत!

उणेपुरे नऊ महिने लोटले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून सुमेरसिंगाचे गारदी वाड्यात शिरले. नारायणरावाने चुलत्यास मिठी मारली, तरी त्याचा वध झाला. धन्यास वाचविण्यासाठी आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकर हाही तेथेच मारला गेला. पकडण्याच्या आज्ञेतील एक अक्षर आनंदीबाईने बदलले, ही आख्यायिका सर्वश्रुतच आहे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी चौकशी करून खुद्द रघुनाथरावास दोषी ठरविले व देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. नारायणरावाची पत्नी गंगाबाई त्या वेळी गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर तिला पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. पित्याने त्याचे मुख पाहिले नाही.

खाडिलकरांच्या १९०९ सालच्या 'भाऊबंदकी' नाटकात रंगभूमी व्यापली ती रघुनाथराव, आनंदीबाई व रामशास्त्री ह्यांनी. पवित्र शास्त्रातही काइनाचे बोलणे आढळते. हाबेलाच्या मुखीचा एकही शब्द नाही. तरी त्याच्या रक्ताची वाणी देवाने ऐकली. विद्यार्थीमित्रांनो, इतिहास वाचताना मारणाऱ्याच्या कपटाचे नवल करीत बसू नका. मारला गेला तो कोण होता, हे आधी विचारा, अशी आमची विनंती आहे.