कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत; १८ जून १९११, इंदूर – २८ जून १९९८, नवी दिल्ली) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

== शिक्षण ==
वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी घेऊन कमलाबाईंनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. स्त्री असल्याच्या कारणावरून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह सोडला नाही. अखेर पहिले वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. तेथे एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम पाहून संस्थेने पुढे स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली.

केंब्रिज येथे त्यांना बटाट्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे प्रथिन आढळले. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या श्वसनातही त्याचा सहभाग असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली.

== संशोधन ==
भारतात परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाल्या. पुढे त्या तिच्या संचालक झाल्या.

आतड्यातील ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करून पेप्टाइडे बनवते. कडधान्यांतील काही प्रथिने त्याला अडवतात, त्यामुळे कच्च्या डाळीतले पोषण पूर्ण पचत नाही. शिजवल्यावर हा अडथळा बराच कमी होतो. या ट्रिप्सिनरोधकांचा सोहोनी यांनी अभ्यास केला. रोधकाचा विशिष्ट भाग विकराच्या खाचेत नेमका बसतो. अशाच नेमक्या जुळणीच्या आधारे आज आखीव पेप्टाइडांकडून नॅनोपदार्थांची बांधणी करून घेतली जाते.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे, म्हणजे ताडाच्या झाडांच्या न आंबलेल्या रसाचे, पोषणमूल्य तपासले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवती स्त्रियांना तिचा लाभ होतो, असे दिसून आले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कुपोषणाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील (आता पालघर जिल्हा) वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. स्वस्त व पचनसुलभ प्रथिनांची गरज तेव्हा पुन्हा ठळक झाली.

== सामाजिक कार्य व निधन ==
ग्राहक संरक्षणासाठी कार्य करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद भूषवले. नवी दिल्लीतील एका सत्कार समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.